मुलांच्या हातून घडलेला गुन्हा आणि कायदा: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक, विधी शाखेचे विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. काहींना इतिहास हवा असतो, तर काहींच्या घरचं पोर त्या क्षणी पोलीस ठाण्यात बसलेलं असतं. तुम्ही दुसऱ्या प्रकारातले असाल तर आधी थेट प्रश्न ११ वाचा.

१. बाल न्याय कायदा म्हणजे काय आणि तो कुणाला लागू होतो?

आज लागू असलेला कायदा २०१५ चा आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला. अठरा वर्षं पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती त्याच्या दृष्टीनं बालक आहे. त्यात मुलांचे दोन गट केले आहेत. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे तो विधिसंघर्षग्रस्त बालक, आणि ज्याला आसरा नाही, जो घरातून पळाला आहे किंवा ज्याचा छळ होतो आहे तो काळजी व संरक्षणाची गरज असलेला बालक. पहिल्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांपैकी किमान एक महिला. दुसऱ्याचं प्रकरण बाल कल्याण समितीकडे जातं. नागपूर स्टेशनच्या फलाटावर सापडलेलं पोर समितीकडे जायला हवं, मंडळाकडे नाही, कारण त्यानं काहीच केलेलं नसतं. ही गल्लत लोकांच्या बोलण्यात रोज होते आणि तिचा त्रास मुलाला होतो.

२. सात वर्षांखालच्या मुलाला गुन्हा लागतच नाही, हे खरं आहे का?

खरं आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८२ मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम २० म्हणून जशीच्या तशी आली. पुढचं कलम सात ते बारा वयाचं आहे. आपण काय करतोय आणि त्याचं काय होईल हे कळण्याइतकी समज त्या मुलाला नव्हती असं दिसलं, तर तोही गुन्हा ठरत नाही. सात हा आकडा इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेतून आला आणि इथे दीडशे वर्षांहून जास्त काळ टिकला. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं २०१९ मध्ये ही मर्यादा किमान चौदा असावी असं सुचवलं. माझंही मत तेच आहे. दुसरीत शिकणाऱ्या मुलाच्या समजुतीची कायदेशीर चौकशी व्हावी, हे मला पटत नाही.

३. इंग्रजांच्या काळात अशा मुलांचं काय करत असत?

आधी फटके मारत किंवा मोठ्यांच्याच तुरुंगात टाकत. १८५० च्या कायद्यानं दहा ते अठरा वयाच्या गरीब, अनाथ आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना कारागिराकडे उमेदवारीला बांधून देण्याची सोय केली. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्यानं अल्पवयीनांना फटक्यांची शिक्षा देण्याची मुभा दिली. चंद्रशेखर आझादांना असहकार चळवळीत पंधराव्या वर्षी बनारसमध्ये फटके बसले, हे आपण शाळेत शिकतो. ती त्या काळातली कायदेशीर शिक्षाच होती आणि ती १९५५ मध्ये रद्द झाली.

सुधारगृहाची कल्पना मुंबईत १८५७ मध्येच डेव्हिड ससून यांच्या नावाच्या संस्थेतून रुजली होती. १८७६ मध्ये आणि नंतर १८९७ मध्ये सुधारशाळांचा कायदा झाला. पंधरा वर्षांखालच्या मुलग्यांना तुरुंगाऐवजी तिथे पाठवता येऊ लागलं. मुलींचा त्यात विचारच नव्हता. १८९९ मध्ये शिकागोत जगातलं पहिलं बाल न्यायालय सुरू झालं, १९०८ मध्ये इंग्लंडनं बालकांचा स्वतंत्र कायदा केला. त्यानंतर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या तुरुंग समितीनं १९१९-२० मध्ये मुलांना तुरुंगात ठेवू नये आणि त्यांची न्यायालयं वेगळी असावीत, अशी शिफारस केली. पुढच्या सगळ्या प्रांतिक कायद्यांचं मूळ या शिफारशीत आहे.

४. पुस्तकात बालक कायद्यांबद्दल मद्रास १९२०, बंगाल १९२२, मुंबई १९२४ एवढंच असतं. आपल्या विदर्भाचं काय?

हा प्रश्न स्पर्धा परीक्षावाल्यांकडून येतो आणि तो अगदी रास्त आहे. नागपूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं. ते मध्य प्रांताची राजधानी होतं, म्हणून मुंबईचा १९२४ चा कायदा इथे लागू नव्हता. मध्य प्रांताच्या कायदेमंडळानं १९२८ मध्ये स्वतःचा बालक कायदा केला. त्याच वर्षी तरुण गुन्हेगारांना अट्टल कैद्यांपासून वेगळं ठेवून शिकवण्यासाठी बोर्स्टल शाळांचाही कायदा केला. बोर्स्टल हे इंग्लंडच्या केंट परगण्यातलं गाव. या पद्धतीची पहिली संस्था तिथे उभी राहिली.

यात एक खाच आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा म्हणजे वऱ्हाड. ते कागदोपत्री निजामाचं होतं आणि इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यावर होतं. त्यामुळे मध्य प्रांताचा कायदा तिकडे आपोआप पोचत नसे, वेगळी अधिसूचना काढावी लागे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला. तेव्हाही विधिमंडळानं बदल करेपर्यंत इथले जुने कायदे चालूच राहिले. म्हणून विदर्भातलं पन्नास-साठच्या दशकातलं प्रकरण अभ्यासताना तिथे कोणता कायदा चालू होता हे आधी तपासा, मुंबईचाच होता असं धरून चालू नका.

५. पारधी मुलांना आईबापांपासून तोडायचा कायदा होता, असं आमचे आजोबा सांगत. खरंच होतं का तसं?

होतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं सबंध जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरवलं. १८९७ च्या दुरुस्तीनं तर चार ते अठरा वयाच्या मुलांना आईबापांपासून वेगळं करून सुधार वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. ज्या वर्षी एका कायद्यानं मुलांना तुरुंगाबाहेर काढण्याची वाट रुंद केली, त्याच वर्षी दुसऱ्या कायद्यानं चार वर्षांच्या निरपराध लेकराला कुंपणात घातलं. बाल न्यायाचा इतिहास सांगताना ही बाजू बहुतेक ठिकाणी गाळली जाते. विदर्भात बसून ती गाळणं मला शक्य नाही.

देशभरात हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. फासेपारधी बेड्यावरचं पोर आजही संशयितांच्या यादीत आधी येतं, आणि त्याच्याकडे प्रश्न १० मधला एकही कागद नसतो.

६. स्वातंत्र्यानंतर काय बदललं?

बराच काळ राज्याराज्यांत वेगळे कायदे होते. मुंबई राज्यानं १९४८ मध्ये नवा कायदा केला. केंद्रानं १९६० मध्ये केला, तो फक्त केंद्रशासित प्रदेशांसाठी. काही राज्यांत कायदाच नव्हता, काहींत होता पण अंमलात आणला नव्हता, आणि मुलं सर्रास तुरुंगात होती. पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८६ मध्ये न्यायालयानं तुरुंगातल्या मुलांची माहिती मागवली आणि सगळ्या देशाला एकच कायदा असावा असं सुचवलं. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मुलांच्या न्यायाबाबतचे बीजिंग नियम स्वीकारले होते, त्यांचाही रेटा होता. त्यातून १९८६ चा बाल न्याय कायदा आला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. संपूर्ण देशासाठीचा हा पहिला कायदा.

७. पूर्वी मुलगा सोळा आणि मुलगी अठरा, असा फरक का होता?

मुलींना जास्त काळ संरक्षण हवं, ही त्यामागची समजूत. १९६० आणि १९८६ या दोन्ही कायद्यांत हा फरक होता. भारतानं डिसेंबर १९९२ मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला. त्यात बालक म्हणजे अठराखालचा. म्हणून २००० चा कायदा, जो १ एप्रिल २००१ पासून लागू झाला, त्यानं मुलगा-मुलगी दोघांसाठी अठरा वर्षं केली. आज ‘वय वाढवलं आणि गुन्हे वाढले’ असं कुणी म्हणालं तर एवढं लक्षात ठेवा: मुलींसाठी ते कधी वाढलंच नव्हतं.

८. वय कोणत्या दिवशीचं धरतात? गुन्हा सतराव्या वर्षी झाला आणि पकडला एकोणिसाव्या वर्षी, तर?

गुन्हा घडला त्या दिवशीचं. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी पकडलेल्या या मुलाचं प्रकरणही मंडळाकडेच जाईल.

हे आज सरळ वाटतं, पण त्यासाठी झगडा झाला. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलाला पहिल्यांदा हजर केलं त्या दिवशीचं वय धरायचं असा निकाल दिला होता. त्याचा अर्थ, पोलिसांनी उशिरा पकडलं की मुलगा आपोआप मोठा होणार. २००५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते उलटवलं. २००६ च्या दुरुस्तीनं पक्कं केलं आणि आणखी एक दार उघडलं: अल्पवयीन असल्याचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी शेवटचा निकाल लागल्यानंतरही मांडता येतो. या दाराचं मोल पुढच्या प्रश्नात आहे.

९. नागपूर जेलमधून फाशीचा कैदी अठ्ठावीस वर्षांनी ‘अल्पवयीन’ म्हणून सुटला. हे कसं शक्य आहे?

नाव इथे देत नाही, कायद्याच्या आत्म्याला ते धरून होणार नाही. पण प्रकरण प्रत्येक नागपूरकरानं समजून घ्यावं असं आहे.

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरात सात जणांचा खून झाला. मेलेल्यांमध्ये लहान मुलंही होती. १९९८ मध्ये आरोपींना फाशीची शिक्षा झाली, ती वरपर्यंत कायम राहिली. त्यांच्यातल्या एकाचं वय खटल्यात विशीच्या आसपास नोंदलं गेलं होतं. बऱ्याच वर्षांनंतर त्यानं अर्ज केला की राजस्थानातल्या गावच्या शाळेच्या नोंदीप्रमाणे आपण तेव्हा अल्पवयीन होतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करून घेतली. मार्च २०२३ मध्ये निकाल आला: गुन्ह्याच्या दिवशी त्याचं वय बारा वर्षं सहा महिने होतं. आणि तो वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडला.

१९९४ मध्ये १९८६ चा कायदा लागू होता. त्यातही अशा मुलाला फाशी किंवा कैद देता येत नव्हती. म्हणजे हा नंतरच्या मवाळ कायद्याचा फायदा नव्हे. पहिल्या दिवसापासून जे व्हायला हवं होतं ते अठ्ठावीस वर्षं झालं नाही. मला लोक विचारतात, ‘मग त्या सात जणांचं काय?’ त्यांच्या कुटुंबाचं दुःख कुणीही कमी लेखू नये. पण साडेबारा वर्षांच्या मुलाला फासावर चढवून ते दुःख हलकं झालं असतं, असं मी मानत नाही. आणि हे घडलं तर घडलं एवढ्यासाठी, की सुरुवातीला कुणी शाळेचं रजिस्टर मागवलं नाही.

१०. टीसीवर एक तारीख, जन्मदाखल्यावर दुसरी, आधारवर तिसरी. कोणती चालते?

२०१५ च्या कायद्याचं कलम ९४ क्रम लावून देतं. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तरच महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. या तपासणीत नेमकं वय निघत नाही, अंदाज निघतो, म्हणून ती शेवटी. आधार या क्रमात नाहीच. जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणातही सांगितलं आहे.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती: पहिलीत नाव घालताना ‘१ जून’ टाकून मोकळे होऊ नका. पंधरा वर्षांनी ती एक ओळ कुणाचं तरी आयुष्य ठरवते.

११. आमच्या पोट्ट्याले पोलीस घेऊन गेले. आता काय करू?

घाबरू नका, आणि पहिल्यांदा त्याच्या वयाचा कागद घेऊन ठाण्यात पोचा. ठाण्यात वय विचारलं तर ‘असन एकोणीस-वीस’ असं अंदाजानं सांगू नका. बाल म्हणून नोंद व्हायची ती तिथेच हुकते.

मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, मोठ्या आरोपींसोबत बसवता येत नाही. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यांना भेटायचं आहे असं सांगा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे किंवा मंडळाच्या सदस्यापुढे हजर करावंच लागतं. पालकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. निर्घृण गुन्हा (किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असलेला) नसेल आणि सोबत मोठा आरोपी नसेल, तर नियमांप्रमाणे एफआयआरही नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या डायरीत नोंद आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, एवढंच.

जामीन हा नियम आहे. गुन्हा किती मोठा, हे जामीन नाकारायचं कारण होऊ शकत नाही. मुलगा सुटून पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असं वाटलं तरच मंडळ नाकारतं, आणि कारण लिहून नाकारतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक (चाइल्डलाइन) दिवसरात्र चालू असतो.

पुढे मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन, समाजसेवा किंवा परिवीक्षा (देखरेखीखाली मोकळं ठेवणं) सांगू शकतं, पालकांना दंड करू शकतं, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात पाठवू शकतं. सोळा वर्षांवरच्यांचा अपवाद पुढच्या प्रश्नात.

१२. दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर वय सोळा केलं ना?

नाही, आणि हा गैरसमज वकिलांमध्येही आढळतो. न्यायमूर्ती वर्मा समितीनं जानेवारी २०१३ च्या अहवालात वय कमी करण्याची शिफारस केली नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ आणि २०१४ मध्ये अठराची मर्यादा उचलून धरली. जनक्षोभ मात्र शमला नव्हता आणि २०१५ मध्ये संसदेनं मधला मार्ग काढला. वय अठराच राहिलं. पण सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं: त्याची शारीरिक-मानसिक क्षमता काय होती, परिणाम कळत होते का, गुन्हा कोणत्या परिस्थितीत झाला. त्यावरून प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे सत्र न्यायालयाकडे पाठवता येतं. तिथेही फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही. एकवीस वर्षांपर्यंत तुरुंगात टाकता येत नाही. त्यानंतर सुधारणा झाली की नाही ते पाहून पुढचा निर्णय होतो.

काही महिन्यांपूर्वीच्या एका रात्री सोळा वर्षांच्या पोराच्या मनात काय होतं, हे नंतर मोजता येतं असं मला वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०२२ मध्ये या मूल्यांकनात मानसतज्ज्ञांची मदत घेण्यावर भर दिला, कारण घिसाडघाईनं हे काम होत होतं.

१३. मग पुण्याच्या कल्याणीनगरच्या मोटार प्रकरणात तो मुलगा प्रौढ का ठरला नाही?

मे २०२४ मध्ये दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, आणि तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाल्यानं सगळा महाराष्ट्र संतापला. संताप समजण्यासारखा आहे. पण निर्घृण गुन्हा म्हणजे ज्याला किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे असा गुन्हा. सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा मोठी आहे, किमान सात वर्षं नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की असा गुन्हा निर्घृण धरता येणार नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं असे गुन्हे ‘गंभीर’ या वर्गात घातले. जुलै २०२५ मध्ये मंडळानं प्रौढ धरण्याची मागणी फेटाळली.

या व्याख्येचे परिणाम विचित्र होतात. चाकूनं भोसकलं आणि जखमी वाचला, तर खुनाचा प्रयत्न, म्हणजे गंभीर. प्राणघातक शस्त्र वापरून लूट केली आणि कुणाला ओरखडा नाही, तरी किमान सात वर्षं, म्हणजे निर्घृण. हे संसदेनं नीट करायला हवं.

१४. मुलगा सतराचा, मुलगी सोळाची. दोघं मर्जीनं पळून गेले. त्यात कसला गुन्हा?

कायद्याच्या नजरेत मोठा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं संमतीचं वय अठरा केलं. त्याआधी दंड संहितेत ते सोळा होतं. आज मुलीच्या संमतीला अर्थ उरत नाही. शरीरसंबंध आले असतील तर किमान शिक्षा दहा वर्षं, म्हणून गुन्हा निर्घृण ठरतो, आणि मुलगा प्रश्न १२ मधल्या मूल्यांकनापर्यंत जाऊन पोचतो. मुलीचे आईवडील रागाच्या भरात तक्रार देतात, आणि नंतर समेट झाला तरी ती सहज मागे घेता येत नाही. तक्रार देण्याआधी वकिलाशी बोला, एवढंच सांगेन.

१५. वस्तीतले दादा लोक मुद्दाम लहान पोरांना पुढे करतात. त्यांना काही शिक्षा आहे का?

आहे, आणि ती पुरेशी वापरली जात नाही याचा मला राग येतो. न्याय संहितेच्या कलम ९५ प्रमाणे मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं कैद आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. मुलाच्या वकिलानं हे मंडळापुढे पहिल्याच तारखेला मांडावं. आणि पानठेल्यावरून मुलाच्या हातात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) देणाऱ्यांनाही कळू द्या: याच कायद्याच्या कलम ७७ खाली त्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

१६. मुलगा विनापरवाना गाडी चालवताना सापडला तर?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक जबाबदार: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

१७. मंडळापुढे केस झाली होती. आता पोलीस भरतीचा फॉर्म भरतोय. नोकरी जाईल का?

नियमानं जायला नको. कलम २४ सांगतं की मंडळानं हाताळलेल्या प्रकरणामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद एकच: सोळा वर्षांवरचा, ज्याला बाल न्यायालयानं प्रौढ म्हणून दोषी धरलं. २०१९ मध्ये केंद्रीय दलातल्या एका उमेदवाराची नेमणूक अशाच जुन्या प्रकरणावरून रोखली होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं उमेदवाराच्या बाजूनं निकाल दिला.

तरी चारित्र्य पडताळणीत अडवणूक होते. मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत आजच काढून ठेवा. फॉर्ममधल्या प्रश्नाचे शब्द नीट वाचा आणि उत्तर लिहिण्याआधी वकिलाला दाखवा. नेमणूक नाकारली तर नकार लेखी मागा. त्या कागदावर दाद मागता येते, गरज पडली तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत.